शालीआधीची पाच वर्षे

एप्रिल महिना आला की आमच्या वस्त्यावस्त्यांत जयंतीचे मंडप उभे राहतात आणि त्या मंडपात एक कार्यक्रम हमखास असतो. वस्तीतल्या ज्या मुलाने किंवा मुलीने त्या वर्षी पीएच.डी. मिळवली असेल, त्याचा जाहीर सत्कार होतो. शाल, पुष्पगुच्छ, संविधानाची प्रत, चौकात मोठा फलक आणि फलकावर नावाआधी ठळक अक्षरांत 'डॉ.' ही उपाधी. मोलमजुरी करणारी आई पहिल्या रांगेत बसलेली असते आणि पदराने डोळे पुसत असते. हे दृश्य आम्हाला प्रिय आहे. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षरबंदी होती, त्या समाजाने ज्ञानाच्या सर्वोच्च पदवीचा असा उत्सव करावा, यात गैर काहीच नाही.

परंतु आज आम्हाला एक कटू प्रश्न विचारायचा आहे. ही शाल अंगावर पडण्याआधी त्या मुलाची जी पाच-सहा वर्षे गेली, तेव्हा आपण कुठे होतो? त्याची फेलोशिप आठ महिने आली नाही तेव्हा मंडळाला ठाऊक होते काय? त्याच्या गाईडने सही अडवून धरली तेव्हा त्याच्यासोबत विद्यापीठात कोण गेले? आणि ज्यांनी वाटेतच संशोधन सोडले, ज्यांच्या नावाचा फलक कधीच लागला नाही, त्यांची नोंद कोणत्या मंडळाने ठेवली आहे?

मध्यंतरी एक तरुण संशोधक आमच्या कार्यालयात जुने अंक पाहण्यासाठी आला होता. चळवळीतील वृत्तपत्रे हा त्याच्या अभ्यासाचा विषय. सकाळपासून फायली चाळत बसलेला. दुपारी आमच्या सहकाऱ्याने डबा पुढे केला तेव्हा तो आधी संकोचला, मग जेवता जेवता बोलू लागला. नोंदणीला चौथे वर्ष. वसतिगृहातील खोलीची मुदत संपलेली, म्हणून मित्राच्या खोलीत सतरंजी टाकून झोपतो. वसतिगृहाच्या भाषेत अशा मुलाला 'पॅरासाइट' म्हणतात. हा शब्द त्याने हसत सांगितला, पण ऐकणाऱ्याला हसू आले नाही. घरी आई शेतमजुरी करते. फेलोशिप थकली तेव्हा तिने बचत गटातून कर्ज काढून पैसे पाठवले. गावात लोक विचारतात, 'पोरगं अजून शिकतंयच का?' या प्रश्नाला आईकडे उत्तर नाही. खरे सांगायचे तर ते आपल्या समाजाकडेही नाही.

पीएच.डी. म्हणजे केवळ बुद्धीचे काम, असा एक गैरसमज आहे. बुद्धी तर लागतेच. परंतु त्याहून अधिक लागतो तो वेळ, आणि वेळ विकत घ्यायला पैसा लागतो. हे सत्य बाबासाहेबांच्या चरित्राइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसणार? १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड आणि मुदत तीन वर्षांची. त्या पैशातून न्यूयॉर्कचा खर्च भागवायचा, पुस्तके घ्यायची आणि परळच्या चाळीत असलेल्या रमाईच्या संसाराकडेही पाहायचे. पुढे लंडनमध्ये अभ्यास सुरू असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. वेगळ्या जहाजाने पाठवलेला त्यांचा ग्रंथसंग्रह महायुद्धाच्या धामधुमीत जहाजासह समुद्राच्या तळाशी गेला. बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तर जातीमुळे राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातून त्यांना लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले.

मग १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून त्यांनी पै पै साठवली. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले, तेव्हा कुठे १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा डी.एस्सी.चा प्रबंध त्यांनी १९२२ मध्ये सादर केला. परीक्षकांनी तो दुरुस्तीसाठी परत केला. बाबासाहेबांनी तो पुन्हा लिहिला आणि १९२३ मध्ये पदवी मिळवली. कोलंबियाच्या पीएच.डी.ची कथा तर याहून बोलकी आहे. प्रबंध १९१६ सालचा. परंतु छापील प्रती विद्यापीठाला सादर केल्याशिवाय पदवी देत नसत आणि छपाईला पैसा हवा. ग्रंथ १९२५ साली छापून झाला आणि पदवी हाती आली ती १९२७ साली. जगातील एक श्रेष्ठ अर्थशास्त्री अकरा वर्षे आपल्याच पदवीची वाट पाहत होता!

हे आम्ही गौरवासाठी सांगत नाही. गौरव सर्वांना पाठ आहे. आम्हाला दाखवायचे आहे ते इतकेच की बाबासाहेबांच्या पदव्यांमागे त्यांचे अठरा-अठरा तास होते, तशीच बडोद्याची शिष्यवृत्ती, कोल्हापूरची मदत, मित्राचे कर्ज आणि घरी उपाशीपोटी दिवस काढणारी रमाईही होती. यातला एकेक आधार काढून पाहा. बाबासाहेब त्या प्रत्येक ठिकाणी अडले असते. ही जाणीव त्यांना स्वतःला सर्वांत अधिक होती. म्हणून तर त्यांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि लगेच १९२५ च्या आरंभी सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. आधी छप्पर, आधी भाकरी आणि मग पुस्तक, हा त्यांचा क्रम होता.

आता आजची स्थिती पाहू. अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप २००५-०६ पासून सुरू झाली. राज्यात बार्टीची फेलोशिप आली. या योजनांनी एक पिढी घडवली, हे मान्य केलेच पाहिजे. शेतमजुराची, सफाई कामगाराची, वीटभट्टीवरच्या माणसाची मुले त्यामुळे विद्यापीठाच्या दारात उभी राहिली. १ जानेवारी २०२३ पासून फेलोशिपचा दर कनिष्ठ संशोधकाला दरमहा ३७ हजार आणि वरिष्ठ संशोधकाला ४२ हजार रुपये असा झाला. आकडा कागदावर भरघोस दिसतो. परंतु फेलोशिप म्हणजे पगार नव्हे. ती एक तारखेला जमा होत नाही. आठ महिने थकली तर ३७ हजारांच्या हिशेबाने २ लाख ९६ हजार रुपये होतात. एवढे कर्ज आपल्या समाजातले कोणते घर बिनव्याजी उभे करू शकते? थकबाकी एकरकमी मिळते हे खरे. पण मधल्या काळात भरलेले व्याज, बुडालेली क्षेत्रभेट, न घेतलेली पुस्तके आणि सोडलेली जेवणे यांची थकबाकी कोणी देत नाही.

शिवाय हे पैसे मिळवण्यासाठीचे कागद! जात वैधता प्रमाणपत्र, रुजू अहवाल, सहामाही प्रगती अहवाल, हजेरीपट, घरभाड्याचा दाखला, गाईडची सही, विभागप्रमुखाची सही, संशोधन केंद्राचा शिक्का. यातला एक शिक्का पुसट उमटला तरी फाईल परत. संशोधकाचा महिन्यातला किती वेळ ग्रंथालयात जातो आणि किती खिडकीसमोर, याचा हिशेब केला तर शरम वाटेल.

आणि हक्काचे मागायला जावे तर काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २०२३ साली बार्टीचे ८६१ संशोधक मुंबईच्या आझाद मैदानावर आठवडेच्या आठवडे बसून होते. मागणी एवढीच की पात्र ठरलेल्या सर्वांना फेलोशिप द्या; शासन २०० जागांवर अडून बसले होते. ज्या दिवसांत त्यांनी प्रबंधाची प्रकरणे लिहायची, त्या दिवसांत ते मैदानातील धुळीत निवेदने लिहीत होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात फेलोशिपच्या जागांचा प्रश्न निघाला तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा सवाल केला. या उद्गारावर टीका झाली, ती योग्यच होती. परंतु तो उद्गार एका माणसाचा म्हणून सोडून देता येणार नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या पुस्तके आहेत, त्यांच्या मुलांना हा प्रश्न कधी कोणी विचारत नाही. तो आमच्याच मुलांना विचारला जातो, कारण आमच्या मुलांचे शिक्षण हा राज्यकर्त्यांना अजूनही खर्च वाटतो.

पैशाइतकाच दुसरा कठीण प्रश्न गाईडचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. म्हणजे प्राध्यापकाचे एक पद रिक्त राहिले की संशोधनाच्या आठ जागा आपोआप बुडतात. प्राध्यापक भरती वर्षानुवर्षे रोखून धरली जाते, तेव्हा केवळ नोकऱ्याच जात नाहीत, पुढच्या पिढीच्या पीएच.डी.च्या जागाही जातात. भरतीबंदीचा हा अर्थ आपल्या मोर्चांत क्वचितच मांडला जातो.

ज्याला गाईड मिळतो, त्याची वाट तरी सरळ असते काय? विषय निवडतानाच ऐकावे लागते, 'तुम्ही लोक नेहमी जातीवरच का संशोधन करता?' ऊस, पाऊस किंवा संतसाहित्य यांवर वीस प्रबंध झाले तरी हा प्रश्न कोणी विचारत नाही. पुढे कोर्सवर्क, संशोधन आराखडा, संशोधन व मान्यता समितीसमोरची मुलाखत, दर सत्राचे सादरीकरण, प्रबंधपूर्व चर्चासत्र आणि शेवटी व्हायवा. यातल्या प्रत्येक पायरीवर एका माणसाची सही लागते. तो माणूस सज्जन असेल तर विद्यार्थ्याचे सोने होते. असे असंख्य गाईड आहेत, त्यांत सवर्ण समाजातील प्राध्यापकही आहेत, हे आम्ही मोकळेपणाने नोंदवतो. बाबासाहेबांनाही कोलंबियात प्रा. सेलिग्मन आणि लंडनमध्ये प्रा. कॅनन असे गुरू भेटले होते. परंतु तो माणूस तसा नसेल, तर विद्यार्थी त्याची बँकेची कामे करतो, त्याच्या मुलांना शाळेतून आणतो, त्याचे लेख टाईप करतो आणि तरीही त्याचे स्वतःचे प्रकरण सहा महिने टेबलावर न वाचलेले पडून राहते. विद्यार्थिनीच्या बाबतीत तर हा अधिकार कोणते वळण घेऊ शकतो, हे सांगायला नको. तक्रार करावी तर चार वर्षे पाण्यात जाण्याची भीती.

मुलींचा विचार वेगळा करावाच लागेल. मुलगा तिसाव्या वर्षी संशोधन करत असेल तर घर कुरकुरते. मुलगी सव्विसाव्या वर्षी करत असेल तर नातेवाईक रांग लावतात. 'एवढी शिकली तर हिला मुलगा कुठला मिळणार?' हा प्रश्न बुद्धविहारात वंदना घेऊन बाहेर पडणारी माणसेच विचारतात. लग्न झाले तर प्रबंध माळ्यावर जातो. आयोगाच्या २०२२ च्या नियमांत स्त्री संशोधकांना मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत आहे, प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. परंतु सासरी ही तरतूद वाचून दाखवणारा कोण? रमाईची जयंती साजरी करताना आपण तिच्या त्यागाची गाणी गातो. त्या त्यागाची अपेक्षा आजही फक्त बाईकडूनच करायची काय? संशोधक पत्नीसाठी घरची चूल सांभाळणारे किती पती आपल्या चळवळीत आहेत?

आणि या सर्वांच्या तळाशी असतो तो एकाकीपणा. गावात बोलायला विषय उरलेला नसतो, विद्यापीठात बोलायला माणूस नसतो. भाड्याने खोली शोधताना घरमालक आधी आडनाव विचारतो. इंग्रजी ग्रंथ शब्दकोश घेऊन वाचावा लागतो आणि न समजल्याची कबुली वर्गात देता येत नाही. सोबतचे मित्र तलाठी, शिक्षक, पोलीस होऊन मार्गी लागलेले असतात. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातील सेंथिल कुमार या दलित संशोधकाला गाईडच मिळाला नव्हता. २००८ साली तो आपल्यातून गेला. त्याच विद्यापीठातील रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला, तेव्हा त्याची सात महिन्यांची फेलोशिप, १ लाख ७५ हजार रुपये, येणे बाकी होती आणि ती आपल्या घरच्यांना मिळावी, असे त्याने लिहून ठेवले होते. रोहितच्या प्रतिमेला आपण अभिवादन करतो. परंतु त्या रकमेचा अर्थ आपण नीट वाचला आहे काय? आज जे संशोधक जिवंत आहेत, खचलेले आहेत आणि कोणाजवळ बोलत नाहीत, त्यांच्या दारावर कोणीतरी आजच थाप मारली पाहिजे. मन थकणे हा भेकडपणा नाही. त्यावर डॉक्टरचा सल्ला घेणे, घरी सांगणे, काही महिने थांबून पुन्हा सुरुवात करणे यात कमीपणा काहीही नाही. लंडनचे शिक्षण तीन वर्षे थांबवून बाबासाहेबही पुन्हा गेलेच होते.

शासनाकडे मागायचे ते आम्ही मागणारच. फेलोशिपची जाहिरात दरवर्षी ठरलेल्या तारखेला निघालीच पाहिजे. रक्कम दरमहा जमा झाली पाहिजे आणि विलंबाला जबाबदार अधिकाऱ्याचे नाव कागदावर आले पाहिजे. प्राध्यापकांची रिक्त पदे आरक्षणासह भरली पाहिजेत. गाईड बदलून मागणाऱ्या विद्यार्थ्याला विशिष्ट मुदतीत निर्णय मिळाला पाहिजे. विद्यापीठांतील भेदभाव रोखण्यासाठी आयोगाने २०१२ साली समतेचे नियम केले. नियम असूनही न्याय का मिळाला नाही, याचा जाब विचारला पाहिजे.

परंतु शासनाकडे बोट दाखवून आपली सुटका होणार नाही. आमचे स्पष्ट मत आहे की चळवळीने संशोधकाचा फक्त उपयोग केला आहे. निवेदन लिहायचे, बोलवा त्याला. सभेत वक्ता कमी पडला, बोलवा त्याला. पदवी मिळाली, उभा करा त्याला फलकावर. परंतु त्याचा प्रबंध कोणी वाचला? त्याचा विषय कार्यकर्त्यांना ठाऊक असतो काय? वर्गणीतून डीजेवर एका रात्रीत जेवढा पैसा उडतो, तेवढ्यात फेलोशिप थकलेल्या एका संशोधकाचे काही महिने निघतात.

करता येण्यासारखे बरेच आहे आणि त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. प्रत्येक तालुक्यातील विहारांनी मिळून एक फिरता निधी उभारावा. फेलोशिप थकली की बिनव्याजी रक्कम द्यावी आणि थकबाकी आली की ती परत घ्यावी. हे दान नव्हे, भथेनांनी दिले तसे कर्ज आहे. विद्यापीठाच्या शहरात ज्यांची घरे मोठी आहेत, त्यांनी एक खोली संशोधकाला द्यावी. निवृत्त प्राध्यापकांनी आठवड्यातला एक दिवस विहारात बसावे आणि मुलांची प्रकरणे वाचून द्यावीत. वकिलांनी आणि विद्यार्थी संघटनांनी गाईडविरुद्धच्या तक्रारीत विद्यार्थ्याला एकटे पाठवू नये. घरोघरी पडून असलेले जुने अंक, पत्रके, छायाचित्रे रद्दीत न देता संशोधकांसाठी जपावीत. आणि ज्याची पदवी झाली, त्याचा प्रबंध विहारात वाचून दाखवण्याचा कार्यक्रम सत्काराआधी ठेवावा.

संशोधकांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. पैसे देऊन प्रबंध लिहून घेणारे आणि इकडचे तिकडे उतरवून 'डॉ.' लावणारे आपल्यातही आहेत. त्यांच्यामुळे आझाद मैदानावर बसलेल्या प्रामाणिक मुलाची मागणी कमजोर होते. परीक्षकांनी प्रबंध परत केला तेव्हा बाबासाहेबांनी तो पुन्हा लिहिला होता, हे विसरू नका. आणि पदवी मिळाल्यावर ज्या वस्तीने भाकरी पाठवली, तिचा रस्ता विसरू नका. तुमच्या मागे येणाऱ्या एका विद्यार्थ्याचा आराखडा तुम्ही तपासून दिलात, तरी ऋणातला मोठा वाटा फिटला असे आम्ही समजू.

ज्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून मराठवाड्यात घरे जळाली, माणसे मेली, ते नाव १४ जानेवारी १९९४ रोजी मिळाले. नावासाठी सोळा वर्षे लढणारा समाज त्या नावाच्या इमारतीत उपाशी बसलेल्या आपल्या पोरासाठी पाच वर्षे उभा राहू शकत नाही, असे आम्ही मानत नाही. येत्या जयंतीला शाल जरूर आणा. पण वर्गणीची पावती फाडण्याआधी कार्यकर्त्यांनी एक काम करावे. आपल्या वस्तीतले कोण कोण आज पीएच.डी. करत आहेत, याची यादी करावी, त्यांच्या घरी जावे आणि एवढेच विचारावे: फेलोशिप आली का, सही झाली का, जेवलास का?